नऊ विती

पेणमध्ये गणपतीचे कारखाने पुष्कळ आहेत, पण हैबतरावांच्या कारखान्यातून मोठा गणपती कधी कुणी ढकलून बाहेर काढला नाही. तो आपला आपण निघतो. निदान तिथली रीत तशी आहे.

शेडच्या दारापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार आहे. मूर्ती चार लोखंडी चाकांच्या गाड्यावर असते आणि पुढच्या चाकाखाली उटी, म्हणजे लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा. निघायची वेळ झाली की मागे दोर धरणारे दोर पायाशी ठेवतात, हात जोडतात, डोळे मिटतात. ‘मोरया’ सुरू होतो. ज्या बाईने मूर्तीचे डोळे आखले असतील ती वाकून उटी काढते. गाडा जरा कुरकुरतो आणि कुणाचाही हात न लागता वीतभर पुढे सरकतो. ते बाप्पाचं पहिलं पाऊल. मोरया संपला की ती बाई म्हणते, ‘धरा.’ सगळे डोळे उघडून दोर धरतात आणि बाप्पाला सावकाश खाली टेम्पोपर्यंत सोडतात. तिथे एक माणूस दुसरी उटी घेऊन उभा असतो. गाडा आला की तो ती चाकाखाली सारतो.

ही रीत हैबतरावांच्या वडिलांनी घातली. उतार म्हटल्यावर गाडा सरकणारच, हे काय कुणाला कळत नव्हतं? पण कुणी तसं बोललंच तर हैबतराव विचारायचे, ‘मग उतार कोणी दिला?’ उतार एका गवंड्याने दिला होता, आणि तोही जरा जास्तच. पण हे सांगून कुणाचं भलं होणार होतं?

गेली कित्येक वर्षं मोठ्या मूर्तींचे डोळे नमिताच आखायची. कुणी शिकवलं नव्हतं. नववीत शाळा सुटली, मूर्तींना पॉलिश पेपर घासायला म्हणून ती कारखान्यात आली आणि आखणीवाल्या म्हाताऱ्याच्या मागे उभी राहून बघत बघत शिकली. पितांबर रंगवायला मालू, दागिने रंगवायला आणखी तिघी, पण डोळे नमिताचे. म्हणून उटीचा मानही तिचाच. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना त्या शेडमध्ये फक्त तिचे उघडे असायचे, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचे.

त्या दिवशी खाली मंगळ्या होता. रोह्याजवळच्या आदिवासी वाडीतला, हंगामात गाडीने पेणला येऊन चढवा-उतरवीचं काम करणारा. मूर्तीही रोह्याच्याच एका मंडळाची होती. मंडळाची पोरं मोबाईल घेऊन आली होती. आणि मूर्तीचे डोळे असे उतरले होते की, खरं सांगायचं तर, नमिताला स्वतःलाच तिच्यासमोरून हलवेना. पोरं व्हिडिओ काढत होती, तेही बाकी काही नाही, तोंडच काढत होती. एकाने दुसऱ्याला म्हटलेलं तिने ऐकलं, ‘डोळे बघ ना यार.’

मोरया सुरू झाला. तिने उटी काढली. गाडा सरकला. ‘धरा’ तिच्या जिभेवर आला होता. पण मोबाईल अजून वर होता, आणि पोरांनी दुसऱ्यांदा मोरया म्हटलं, आणि बाप्पा तिने दिलेल्या डोळ्यांनी बघत असा डौलात निघाला होता की तिला वाटलं, असू दे, थोडंसं. तिसऱ्या मोरयाच्या शेवटी ती म्हणाली, ‘धरा.’

दोर हातात आला आणि हातातून निघूनही गेला. पुढचं सगळं एका आवाजात झालं. मंगळ्याने उटी टाकली होती, पण ती चाकाने उडवली, आणि त्याचा पाय गाडा आणि टेम्पोची फळी यांच्यामध्ये सापडला.

मूर्तीच्या एका कानाचा टवका गेला. हे आधी सांगायला हवं, कारण पेणमध्ये पुढचे चार दिवस लोकांनी विचारलं ते कानाबद्दलच. कान दुपारपर्यंत लिंपून रंगवून झाला आणि मूर्ती वेळेत रोह्याला गेली. मंगळ्याही गेला, प्लास्टर घालून, दुसऱ्या गाडीने.

मग कारण शोधणं सुरू झालं. डोळे मिटलेल्या माणसांना काय दिसणार? आदेश, म्हणजे हैबतरावांचा मुलगा, टेम्पोत दोऱ्या बांधत होता, त्याची पाठ होती. पोरांच्या व्हिडिओत गणपतीचं तोंड तेवढं होतं, आणि नंतर आभाळ. शेवटी कोणीतरी म्हणालं, मंगळ्याने उटी उशिरा टाकली. मग कोणीतरी म्हणालं, प्यायला असणार. वाडीवरच्या माणसाबद्दल हे म्हणायला पुरावा लागत नाही. बोलणाऱ्याला तोंड असलं की पुरतं. संध्याकाळपर्यंत मालूला त्याच्या तोंडाचा वासही आठवायला लागला होता, आणि मालूला सर्दी होऊन आठवडा झाला होता.

नमिताने ‘हो’ म्हटलं नाही. तिने नुसता ब्रश पाण्यात बुडवला आणि पुसला, पुन्हा बुडवला.

हैबतरावांनी मात्र तिला बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी विचारलं कारण तो माणूस सरळ होता. तू ‘धरा’ म्हणालीस ना, असं त्यांनी विचारलं.

‘म्हणाले की,’ नमिता म्हणाली.

ते खोटं नव्हतं. हाच तर त्रास होता. खोटं असतं तर निदान तिला ते खोटं म्हणून आठवता आलं असतं.

हैबतरावांनी मंगळ्याच्या दवाखान्याचं बघितलं आणि पुढच्या हंगामापासून त्या वाडीतलं कोणीच कामाला नको म्हणून सांगितलं. मंगळ्याचा भाऊ रोशन त्याच वेळी शेडमध्ये शाडूची पोती उतरवत होता. त्याने हातातलं पोतं खाली ठेवलं, हात झटकले आणि स्टेशनचा रस्ता धरला. जाताना त्याने नमिताकडे बघितलंही नाही. तिला वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

माणूस स्वतःला समजावायला लागला की फार हुशार होतो. नमिताने स्वतःला समजावलं की ती मूर्तीच नेहमीपेक्षा जड होती. जड वस्तू जास्त पळणार. हे एक. आणि उशीर झाला तो किती? एका मोरयाच्या जागी तीन मोरया. एकाला वीतभर सरकतो, तर तिनाला तीन विती. तीन विती म्हणजे काय, हात-दीड हात. तेवढ्यात मंगळ्याला आवरता यायला हवं होतं. म्हणजे प्यायला नसेल, पण झोप तरी झाली नसेल. असा तिचा हिशोब होता आणि तो तिने इतक्या वेळा केला की भाकरी थापताना हात त्याच्या तालावर पडायला लागले.

तिची मुलगी किमया अकरावीला, सायन्सला. ती धडे मोठ्याने वाचायची. मनात वाचलं की तिला झोप यायची. शनिवारी दुपारी नमिता मोड आलेले वाल सोलत बसली होती आणि किमया शेजारी पाय पसरून वाचत होती. स्थिर वस्तूवर सतत सारखंच बल लावलं, तर अमुक वेळात ती किती अंतर जाईल.

सारखंच बल म्हणजे काय गं, असं नमिताने विचारलं. तिला अशा गोष्टी विचारायची सवय होती. लेकीच्या पाचवीपासून तिने प्रत्येक पुस्तक लेकीबरोबर वाचलं होतं, परीक्षा न देता. किमयाने सांगितलं, कोणीतरी मागून ढकलतंय, ना कमी ना जास्त, एकसारखं.

‘आणि उतारावर?’

‘उतारावर तेच. तिथे पृथ्वी ओढते. ती दमत नाही.’

नमिताने एक वाल सोलला. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की समज, उतारावर एक वस्तू एका दमात वीतभर गेली. तर तीन दमांत तीन विती ना?

किमया हसली. हाच तर सगळ्यांचा गोंधळ होतो, असं म्हणून ती पुढे सरकली आणि परातीतले वाल उचलून फरशीवर मांडायला लागली. पहिल्या दमात वस्तू नुसती निघते, तेव्हा वेगच नसतो तिला. दुसऱ्या दमात पहिल्यातला वेग हाताशी असतो आणि वर नवा मिळत असतो. म्हणून पहिल्यात एक वीत, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच.

‘मिळून?’ नमिताने विचारलं.

‘एका दमाला एक, दोन दमांना चार, तीन दमांना नऊ. अंतर वेळेबरोबर वाढत नाही आई, वेळेच्या वर्गाबरोबर वाढतं.’

फरशीवर वाल होते. पहिला उंबऱ्याजवळ, दुसरा त्याच्यापुढे, आणि तिसरा पार गॅसच्या सिलिंडरपाशी. नमिता त्या तिसऱ्या वालाकडे बघत राहिली. नऊ विती. उतार आहे तरी केवढा? नऊ वितींनंतर टेम्पो कितीसा लांब उरतो? आणि तिथे गाडा पोचला तो चालत नाही, तिप्पट वेग घेऊन. तिने ‘धरा’ म्हटलं तेव्हा धरण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. शब्द तेवढा तिने उच्चारला होता.

एक पळवाट अजून होती. वस्तू जड असली तर जास्त जाते ना, असं तिने विचारलं.

‘नाही गं. उतारावर जड-हलकं सारखंच सुटतं. फक्त थांबवायला जड ते जड.’ मग किमयाने तिच्या हाताकडे बघितलं. ‘तू सालं परातीत टाकतेयस आणि वाल कचऱ्यात.’

त्या दिवशीच्या बिरड्यात वाल कमी होते. नवऱ्याने, कंपनीतून पहिल्या शिफ्टचा येऊन जेवायला बसल्यावर, वाल महागले का म्हणून विचारलं. नमिता व्हय म्हणाली. त्या आठवड्यात तिला व्हय म्हणणं सोपं झालं होतं.

रविवारी ती रोह्याच्या एसटीत बसली. बरोबर केळी घेतली, कारण रिकाम्या हाताने जायचं कसं, आणि भरल्या हाताने तरी कसं, हे तिला कळेना. अष्टमीच्या थांब्यावर उतरून, विचारत विचारत, ती वाडीवर पोचली. मंगळ्या अंगणात बाजेवर होता, प्लास्टरचा पाय उशीवर. बायको सोनी चुलीसाठी काटक्या मोडत होती. नमिताला बघून मंगळ्या उठायला लागला आणि त्याला उठता येईना म्हणून हसला.

‘या बाय, बसा. उंदीर कुठं गेलावता कोन जाने, त्याची जागा मला दिली बाप्पानं.’

नमिताला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्ही आत ठेवण्यात तिचा पहिला दम गेला. मग तिने सांगितलं. मी ‘धरा’ उशिरा म्हणाले. एका मोरयाला म्हणायचं ते तिसऱ्याला म्हणाले. पोरं व्हिडिओ काढत होती आणि मला माझे डोळे बघायचे होते. एवढं बोलून ती थांबली. एवढंच होतं. सबंध आठवडा उराशी ओझ्यासारखी घेऊन फिरलेली गोष्ट बोलून दाखवली तर चहा उतू जाईपर्यंतही टिकली नाही.

मंगळ्या बाजेचा सुंभ बोटाने कुरतडत होता.

‘मला म्हाईत हाय,’ तो म्हणाला. ‘मी खालनं बघत व्हतो ना. माझं डोळं उघडंच. पन मी पन बघत रायलो, बाय. तुमी डोळं असं काडलेलं, वाटलं आपल्याकडंच येतोय, आपल्यालाच वळखून येतोय. उटी टाकायचं ध्यानातच नाय आलं लवकर. माझी पन चूकच की.’

नमिता म्हणाली, नाही. तिने त्याला सांगितलं, तो एका दमात वीतभर जातो पण तीन दमांत नऊ, तू उटी आधी टाकली असतीस तरी चाक तिच्यावरून गेलं असतं. तिने बोटांनी बाजेच्या कडेवर विती टाकून दाखवल्या. बाज नवव्या वितीआधीच संपली. त्याने नीट ऐकून घेतलं. पण त्याला त्याची चूक सोडायची नव्हती. ती त्याने आपणहून उचलली होती, तिला सोबत म्हणून. नमिताला ते सहन होईना. कोणी शिव्या दिल्या असत्या तर तिने खाल्ल्या असत्या; तो तर तिचं ओझं अर्धं वाटून घ्यायला निघाला होता, मोडक्या पायाने.

सोनीने काटक्यांची मोळी बाजूला सारली.

‘प्यालेला व्हता म्हनून कोन बोललं?’

‘कोणीतरी,’ नमिता म्हणाली. ‘मग सगळेच. एकीला तर वासही आला म्हणे.’

‘तू काय बोललीस?’

‘काही नाही.’

‘तेच तर.’ सोनी उठून उभी राहिली. ‘त्या दिवशी सोमवार व्हता. सोमवारचा हा थेंबाला शिवत नाय, लगीन झाल्यापासनं बघते मी. रोशनचं काम गेलं. वाडीतल्या समद्यांचं गेलं. आनि तू हितं कशाला सांगाया आलीस गो? आमाला म्हाईत हाय. जिथं म्हाईत नाय तिथं सांग जा.’

मंगळ्या तिला गप म्हणाला. ती गप झाली नाही, पण नमिता निघाली तेव्हा केळ्यांकडे बघून म्हणाली, ‘केळी ठेव. पोरं खातील.’

परतीच्या एसटीत नमिताने खिडकीची जागा घेतली आणि नागोठण्यापर्यंत स्वतःशी भांडली. सांगितलं तर उटीचा मान जाणार, हे नक्की. आखणीही जाईल कदाचित. दुसऱ्याच्या हातचे डोळे घेऊन हैबतरावांचे गणपती निघतील. बाप्पासमोर खोटं बोलली म्हणतील. आणि ते खरंच असेल. तिला आठवत होतं तेव्हापासून तिच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. त्या गोष्टीसाठीच तर ती दोन मोरया जास्त थांबली. नागोठण्यानंतर ती भांडायची थांबली, कारण दोन्ही बाजूंनी बोलणारी तीच होती आणि दोघीही थकल्या होत्या.

सोमवारी हंगामातली शेवटची मोठी मूर्ती निघायची होती. ती अजून आत होती. रिकामा गाडा दारात आणून उटी लावून ठेवला होता. खाली टेम्पो लागलेला. दोरवाले तंबाखू मळत होते. हैबतराव नारळ घेऊन आले तेव्हा नमिता म्हणाली की मला आधी काही सांगायचं आहे.

रोह्याला जे सांगितलं तेच तिने सांगितलं, पण तिथे ते तोंडातून निघालं होतं आणि इथे ओढून काढावं लागलं. मालूच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग आदेश, मनाने चांगला मुलगा, तिला सांभाळून घ्यायला म्हणून बोलला.

‘जाऊ द्या ना काकू. एवढ्याशा उशिराने काय होतंय? तीन मोरया म्हणजे किती, दोन वीत जास्त. त्याने टाकायला हवी होती उटी.’

हेच तिने स्वतःला किती दिवस सांगितलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं समजूतदार वाटत होतं की तिला त्याची भीती वाटली. ती म्हणाली, टेम्पोजवळून सगळे बाजूला व्हा. मग तिने खडूचा तुकडा मालूच्या हातात दिला आणि सांगितलं, मी मोरया म्हणेन, प्रत्येक मोरयाच्या शेवटी पुढचं चाक असेल तिथे रेघ मार.

‘रिकाम्या गाड्याला मोरया म्हणनार गो तू?’ मालूने विचारलं.

‘व्हय. रिकामा काय, भरलेला काय, सारखाच सुटतो.’

तिने उटी काढली आणि म्हटलं. एकटीच म्हणत होती. कोणी साथ दिली नाही. पहिल्या मोरयाला गाडा वीतभर सरकला आणि मालूने आरामात रेघ मारली. दुसऱ्याला मालूला एक लांब पाऊल झटकन टाकावं लागलं. तिसऱ्याला मालू वाकायच्या आत चाक तिच्या हातापुढून गेलं, तिने रेघ मारली ती वाकडी, आणि गाडा जाऊन टेम्पोच्या फळीवर असा आदळला की शेडमध्ये कोणाच्या तरी हातून रंगाची वाटी पडली. तो आवाज सगळ्यांनी आधी एकदा ऐकला होता.

हैबतरावांनी नारळ आदेशच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि उंबऱ्यापासून विती टाकत निघाले. पहिल्या रेघेला एक. दुसरीला चार. तिसऱ्या रेघेपाशी ते नऊ म्हणाले आणि तिथेच वाकलेले राहिले, कंबर धरून.

‘मी विचारलं होतं तुला,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘म्हणाले की, असं म्हणालीस.’

‘म्हणाले होते. धरण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा म्हणाले.’

ते उठले. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. यापुढे उटी मालू काढेल, ही पहिली. नमिताने मान हलवली. आणि आदेशला सांगितलं, मंगळ्याला फोन लाव. आदेशने लावला आणि काय बोलायचं ते न कळून बापाकडे दिला. हैबतराव फोन घेऊन शाडूच्या पोत्यांपलीकडे गेले. ते काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. पाठमोरे होते. समोर कोणी नसताना ते सारखी मान खाली घालत होते, एवढं दिसलं. एकदा रोशनचं नाव ऐकू आलं, एकदा ‘सगळ्यांना घेऊन ये’.

मग ते परत आले आणि फोन नमितापुढे धरला. त्याची बायको आहे, म्हणाले.

‘समद्यांसमोर सांगितलंस?’ सोनीने विचारलं.

‘हो.’

‘ती वास आलेली व्हती का तिथं?’

नमिताने मालूकडे बघितलं. मालू खडूचे हात लुगड्याला पुसत उभी होती, खाली बघत.

‘होती.’

‘बरं,’ सोनी म्हणाली.

ती आणखी काही बोलेल म्हणून नमिता फोन कानाला लावून उभी राहिली. चांगलं नाही तर वाईट, काहीतरी. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मंगळ्या लांबून काहीतरी विचारत होता, आणि सोनी फोन तसाच हातात ठेवून त्याला सांगत होती, ‘व्हय. सांगितलंन तिनं.’